गाठीतलं प्रथिन बाटलीत विकत मिळतं, ते औषध आहे का?

लालबागचा_विनू (सोमवार, रात्री ११:१०)

मंडळी, थोडं सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीला, वय ५१, मागच्या दिवाळीनंतर स्तनाचा कर्करोग निघाला. उपचार इथेच परळला चालू आहेत. गाठीच्या तपासणीत 'हर-टू पॉझिटिव्ह, ३+' आलं. केमो झाली, ऑपरेशन झालं, आता दर ३ आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅबचं सलाईन लागतं. डॉक्टर समाधानी आहेत. पण घरात कोणी निर्धास्त नाही, आणि माझा भाचा रात्र रात्र मोबाईलवर काहीतरी शोधत बसतो.

गेल्या आठवड्यात त्याने एका परदेशी कंपनीचं पान दाखवलं. 'रिकॉम्बिनंट ह्युमन हर-टू प्रोटीन, १०० मायक्रोग्रॅम, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, कॅन्सर इम्युनोथेरपी'. हर-टू म्हणजे ताईच्याच गाठीतलं प्रथिन! त्यातच चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. त्याने ओळख काढून सांगितलं की पेशंटच्या रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यात हे प्रथिन घालायचं आणि परत टोचायचं, की शरीर आपोआप कॅन्सर ओळखायला शिकतं. तीन लाख म्हणाला, निम्मे आधी.

मी बारावी सायन्स, पुढे प्रिंटिंगच्या धंद्यात. मला एवढंच सांगा की ही बाटली औषध आहे का. आणि गाठीतलं प्रथिन बाटलीत येतं तरी कुठून? कुणाच्या तरी शरीरातून काढतात का?

गिरगावकर (सोमवार, रात्री ११:२४)

विनू, ताईंना मनापासून शुभेच्छा. त्या माणसाला एक रुपयासुद्धा देऊ नका. जाणकार येतीलच.

पेशीवेडी (मंगळवार, पहाटे ५:५०)

विनू, सगळ्यात आधी हे: ती बाटली कोणाच्याही शरीरात टोचायची नाही. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी ९ वर्षं नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत हीच प्रथिनं बनवते. हर-टू सुद्धा कितीदा तरी बनवलंय. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

ते कुणाच्याही गाठीतून काढत नाहीत. हर-टू हे प्रथिन तुमच्या-माझ्या शरीरातही आहे. त्याचा जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतो. प्रथिन पेशीच्या पडद्यात उभं असतं, थोडा भाग आत, थोडा बाहेर, आणि वाढीचे निरोप आत पोचवतं. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांमध्ये त्या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या असतात. मग पेशीवर या प्रथिनाची दाटी होते आणि 'वाढ, वाढ' हा निरोप थांबतच नाही. ताईंच्या अहवालातलं ३+ म्हणजे ही दाटी.

आम्ही काय करतो, तर त्या जनुकाचा फक्त बाहेरच्या भागाचा मजकूर घेतो. अख्खं प्रथिन १२५५ अमिनो आम्लांचं, बाहेरचा भाग साधारण ६३० चा. हा मजकूर डीएनएच्या एका छोट्या कड्यात बसवून एचईके-२९३ नावाच्या पेशींना देतो. या पेशींचा वंश १९७३ सालचा, मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेला. फ्रँक ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाच्या २९३ व्या प्रयोगात तो जमला म्हणून हा आकडा. एका ठिकाणचा जनुक कापून दुसरीकडे जोडला म्हणून नावात 'रिकॉम्बिनंट', आणि मजकूर माणसाचा म्हणून 'ह्युमन'. पेशी तो मजकूर वाचून प्रथिन बनवतात आणि आजूबाजूच्या द्रवात सोडतात. पाच-सहा दिवसांनी तो द्रव गाळायचा.

पण द्रवात इतरही शेकडो प्रथिनं असतात. म्हणून मजकुराच्या शेवटी आम्ही हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांची शेपटी आधीच जोडून ठेवलेली असते. ही शेपटी निकेलला घट्ट धरते. निकेलचे मणी भरलेल्या नळीतून द्रव सोडला की आपलं प्रथिन अडकतं, बाकीचं वाहून जातं. मग इमिडॅझोल नावाचं रसायन घालून ते सोडवायचं, आणि शुद्धता बघायला थोडं जेलवर चालवायचं. जेलवर निळा पट्टा एकच आणि स्वच्छ दिसला की त्या दिवशी डबा गोड लागतो.

आता औषधाचं. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) आहे, ते हर-टूच्या बाहेरच्या भागाला जाऊन चिकटतं. ते नीट चिकटतं की नाही, हे बघायचं कसं? प्लेटच्या खळग्यांत हर-टू प्रथिनाचा थर द्यायचा, वर औषध घालायचं आणि किती बसलं ते मोजायचं. ट्रास्टुझुमॅबवर ज्या अनेक तपासण्या होतात त्यातली ही एक. म्हणजे ज्या प्रथिनाची बाटली भाच्याला दिसली, तसंच प्रथिन ताईंच्या सलाईनसाठी कधीतरी, कुठेतरी आधीच राबलेलं आहे. त्याची जागा तिथे, प्लेटमध्ये.

सुगरण_वैजू (मंगळवार, सकाळी ८:०५)

पेशीवेडी, किती छान समजावलंत. म्हणजे ताक घुसळून लोणी काढण्यासारखं, फक्त तुमची रवी अशी की हवं तेवढंच लोणी तिला चिकटतं!

पेशीवेडी (मंगळवार, सकाळी ८:४०)

वैजू, अगदी! आणि लोण्यासारखंच त्यालाही थंडाव्यात जपावं लागतं. उणे ८० अंशाला ठेवतो, तेही छोट्या छोट्या कुप्यांत वाटून, कारण वितळवून पुन्हा गोठवलं की प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा आकार, मोडते.

हार्बर_लाईन (मंगळवार, सकाळी ९:३०, लोकलमधून)

मला असं समजलं: पोलिसांच्या कुत्र्याला चोराचा रुमाल हुंगायला देतात. रुमाल म्हणजे हे प्रथिन. तो चोर नाही, पोलीसही नाही. रुमाल घरात आणून ठेवला म्हणून चोर पकडला जात नाही. बरोबर ना?

निवृत्त_वैद्य (मंगळवार, दुपारी १:१५)

हार्बर_लाईन, उपमा सुंदर आहे, पण ती अर्धीच पुरते. पेशीवेडींच्या पहिल्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पण 'प्रथिन म्हणजे लस नव्हे' असं वाचकांनी सरसकट धरू नये, म्हणून लिहितो.

हिपॅटायटिस बी ची लस हे पुनःसंयोजित, म्हणजे रिकॉम्बिनंट प्रथिनच आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन यीस्टमध्ये बनवायचं आणि टोचायचं. अमेरिकेत ती १९८६ साली आली, आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतात बनवलेली आणल्यावर ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ही लस यकृताच्या कर्करोगापासून वाचवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लसही प्रथिनाचीच, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. तेव्हा रुमाल हुंगवून शरीर शिकतं, हे खोटं नाही. त्या टपरीवरच्या माणसाच्या बोलण्यात एवढाच खरा धागा आहे आणि म्हणूनच तो माणूस धोकादायक आहे.

फरक कुठे पडतो? ही प्रथिनं विषाणूची, म्हणजे परकी. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. हर-टू मात्र आपलंच. आपल्या माणसाला चोर समज, असं प्रतिकारशक्तीला शिकवणं महाकठीण.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९९१ मध्ये ब्रुसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटाने मेज-१ हा जनुक शोधला. टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, ओळखता येणारा माणसाच्या गाठीतला तो पहिला प्रतिजन, म्हणजे ओळखीची खूण. त्याच कुटुंबातल्या मेज-ए३ ची निवड लसीसाठी झाली, कारण प्रौढांच्या निरोगी शरीरात ते वृषणाखेरीज जवळजवळ कुठे नसतं आणि अनेक गाठींत असतं. पुनःसंयोजित मेज-ए३ प्रथिन, सोबत प्रतिकारशक्ती चेतवणारं द्रव्य. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २ हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. शरीरात प्रतिद्रव्यं तयार झाली, पण आजार परत येण्यात फरक पडला नाही. २०१४ मध्ये काम थांबवलं. आमच्या पिढीने त्या चाचणीवर फार आशा ठेवली होती. ती बातमी वाचली तो दिवस मला अजून आठवतो.

उलट क्युबाने सिमाव्हॅक्स ही लस केली, तिथे गाठीचं प्रथिन वापरलंच नाही. गाठीला वाढीचा निरोप देणारं ईजीएफ हे प्रथिन पुनःसंयोजित करून एका जिवाणूच्या प्रथिनाला जोडलं, म्हणजे शरीर त्या निरोप्यालाच अडवतं. तिथे ती फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी वापरतात.

सांगायचं ते हे, की प्रथिनापासून लसीपर्यंतचा रस्ता आहे. तो कारखान्याचे कडक नियम, प्राण्यांवरच्या चाचण्या आणि हजारो रुग्णांच्या संमतीतून जातो. टपरीवरून जात नाही.

शब्दखूळ (मंगळवार, दुपारी ४:००)

अवांतर, पण राहवत नाही. अँटिजेनला प्रतिजन आणि अँटिबॉडीला प्रतिपिंड हे शब्द शाळेत शिकलो. वर प्रतिद्रव्य लिहिलंय. दोन्ही चालतात का? ट्यूमरला अर्बुद म्हणतात, आणि गंमत म्हणजे जुन्या गणनेत अर्बुद ही संख्याही आहे, दहा कोटी. पेशींची बेसुमार वाढ आणि दहा कोटी, शब्द एकच!

सुगरण_वैजू (मंगळवार, दुपारी ४:२०)

आमच्याकडे सगळे 'गाठ' म्हणतात. अर्बुद म्हटलं तर सासूबाई विचारतील, अबूच्या पहाडावर कोण गेलंय?

निवृत्त_वैद्य (मंगळवार, दुपारी ४:४५)

प्रतिपिंड, प्रतिद्रव्य दोन्ही रूढ आहेत. पण रुग्णाशी बोलताना मी कायम गाठच म्हटलं. भीती कमी वाटते.

मुलुंडची_मेधा (मंगळवार, रात्री ९:३०)

विनू, मी या वाटेने गेलेय. आईचा अहवाल आधी २+ आला होता. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मग फिश नावाची तपासणी केली, त्यात जनुकाच्या प्रती मोजतात. ते १० दिवस आमचे कसे गेले, आमचं आम्हाला माहीत. शेवटी पॉझिटिव्ह आला आणि ट्रास्टुझुमॅब सुरू झालं. २०१४ पासून भारतात बनणारी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच औषधं, मिळू लागली आणि किंमत उतरत गेली, नाहीतर आम्हाला हे झेपलंच नसतं. आई आज ६८ वर्षांची आहे आणि उद्या थालीपीठ करणार आहे.

मला एक विचारायचंय. चुकून कोणी ती बाटली टोचलीच, तर ते मोकळं प्रथिन ताईंचं औषध शोषून घेईल ना? चिकटतंच म्हणता तर.

पेशीवेडी (मंगळवार, रात्री १०:१५)

मेधा, किती नेमका प्रश्न. हिशेब करून पाहू. ट्रास्टुझुमॅबचा दर ३ आठवड्यांचा डोस किलोमागे ६ मिलिग्रॅम असतो. ६० किलो वजनाला ३६० मिलिग्रॅम. बाटलीत प्रथिन १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. ३६०० पट फरक. औषध संपणार नाही.

धोका वेगळाच आहे. प्रयोगशाळेसाठीचं प्रथिन माणसाला टोचण्यासाठी बनवलेलंच नसतं. निर्जंतुक असेलच याची हमी नाही. अशी काही प्रथिनं ई. कोलाय जिवाणूत बनवतात. त्या जिवाणूच्या भिंतीचा अंश, एंडोटॉक्सिन, मागे राहिला तर थंडी-ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. केमोने थकलेल्या शरीराला हे किती महागात पडेल! आम्ही एंडोटॉक्सिन मोजतो, पण आमची मर्यादा प्लेटमधल्या पेशींसाठी ठरवलेली असते, तुमच्या ताईसाठी नाही.

आणि शुद्धता ९५ टक्के वाचून हुरळू नका. उरलेल्या ५ टक्क्यांत काय आहे, हे औषधाच्या कारखान्याला सांगावं लागतं. आम्हाला नाही.

नवा_पाऊस (बुधवार, सकाळी ७:५५)

मग टाटा रुग्णालय आणि आयआयटी मुंबईने मिळून काढलेली ती कार-टी थेरपी, रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देतात ती, ताईंना का नाही देत? आपल्याच शहरातली आहे.

पेशीवेडी (बुधवार, सकाळी ८:३०)

नेक्सकार-१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये पवईला राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. भारताची पहिली कार-टी. पहिल्या रुग्णाला २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात दिली होती. आम्हा या क्षेत्रातल्या मुलींना किती अभिमान वाटतो, शब्दांत सांगता येणार नाही.

पण ती सीडी-१९ या प्रतिजनावर चालते. सीडी-१९ रक्तातल्या बी पेशींवर, म्हणजे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या वंशाच्या पेशींवर असतं. काही प्रकारच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगांसाठी ही थेरपी. स्तनाच्या गाठीवर सीडी-१९ नाही, म्हणजे टी पेशींना धरायला तिथे काही नाही. शिवाय बी पेशी सगळ्या गेल्या तरी माणूस औषधांच्या आधाराने जगू शकतो. गाठीच्या आजारात एवढी सोयीची खूण फार क्वचित सापडते.

निवृत्त_वैद्य (बुधवार, सकाळी ११:२०)

याला जोडून, हर-टूवर कार-टी करून पाहिली होती, अमेरिकेत. २०१० मध्ये तो अहवाल आला. रुग्ण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा. पेशी दिल्यावर १५ मिनिटांत श्वासाचा त्रास सुरू झाला, पाचव्या दिवशी मृत्यू. कारण म्हणून जे समजलं ते असं, की फुफ्फुसाच्या निरोगी पेशींवरही हर-टू थोडंसं असतं. प्रतिद्रव्य ते थोडंसं खपवून घेतं. टी पेशींनी खपवून घेतलं नाही.

आणि मेज-ए३ ची आणखी एक कथा, २०१३ ची. टी पेशींचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण धरणारा हात) मुद्दाम जास्त घट्ट चिकटणारा केला. तो हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या भलत्याच प्रथिनालाही चिकटला. दोन रुग्ण दगावले. या दोन्ही घटना मी शिकवताना नेहमी सांगायचो, विद्यार्थ्यांना घाबरवायला नाही, त्या माणसांची आठवण राहावी म्हणून.

पेशीवेडी (बुधवार, दुपारी १:०५)

डॉक्टर, आमचं रोजचं काम त्या घटनांच्या सावलीतच चालतं. म्हणून एकटं हर-टू बनवून भागत नाही. त्याच्या जवळचे भाऊबंद, ईजीएफआर, हर-थ्री, हेही बनवावे लागतात. नवं प्रतिद्रव्य हर-टूला किती घट्ट बसतं, किती वेळात सुटतं, आणि भावंडांना चुकूनही हात लावत नाही ना, हे मोजायचं. उंदराचं आणि माकडाचं हर-टूसुद्धा लागतं, कारण प्राण्यांवर चाचणी करण्याआधी औषध त्यांच्या प्रथिनाला धरतं का हे कळायला हवं. धरलंच नाही, तर 'प्राण्यांत सुरक्षित' या वाक्याला अर्थ उरत नाही.

कार-टी बनवतानाही आमची बाटली कामाला येते. सीडी-१९ प्रथिनाला चमकणारा रंग जोडून पेशींवर सोडलं, की ज्या पेशींवर कार, म्हणजे खूण धरणारा तो कृत्रिम ग्राहक, नीट उगवलाय त्या चमकतात. किती टक्के पेशी तयार झाल्या, ते कळतं. पण सीडी-१९ महाखट्याळ. बाहेरचा भाग एकटा बनवायला गेलं की घडी नीट पडत नाही. तीन महिने मी त्याच्यामागे होते. सीडी-२० आणि क्लॉडिन-१८.२ तर त्याहून अवघड, कारण ते पेशीच्या पडद्यातून चार-चार वेळा आत-बाहेर विणलेले. पडद्यातून उपसले की विस्कटतात. त्यांना कृत्रिम पडद्याच्या चकतीत बसवूनच ठेवावं लागतं.

कोकणचा_दर्या (बुधवार, रात्री ८:४५)

पेशीवेडी, एवढं येतं तर परदेशातून मागवता कशाला? सगळं इथेच का बनवत नाही?

पेशीवेडी (बुधवार, रात्री ९:२०)

दर्या, बनवतो, आणि दरवर्षी जास्त बनवतो. पण एका प्रकल्पाला ३० वेगवेगळी प्रथिनं लागली तर प्रत्येकावर दोन-तीन महिने घालवता येत नाहीत. मग मागवावं लागतं. एकदा सहार विमानतळाच्या कार्गोत आमचा खोका कागदपत्रांसाठी आठ दिवस अडकला. 'ह्युमन' शब्द वाचून कोणाला वाटलं आत मानवी अवयव आहे. खोका हाती आला तेव्हा सुका बर्फ केव्हाच उडून गेला होता. प्लेटवर लावून पाहिलं, जेमतेम निम्मं जिवंत. मी त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन रडले. त्या बाटलीवर एका मुलीची पीएचडी अडली होती.

म्हणून आता मी शिकवते. दर उन्हाळ्यात दोन विद्यार्थी येतात, त्यांच्याकडून एक प्रथिन पूर्ण करून घेते.

हार्बर_लाईन (बुधवार, रात्री ९:५०)

'ह्युमन'वरून घोटाळा झाला, तसाच विनूच्या भाच्याचा झालाय. शब्द खरे, अर्थ भलता.

अवांतर पण उपयोगी: लोकलमध्ये कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, कागदपत्रं जवळ ठेवावीत. बाहेरगावचे कोणी वाचत असतील तर दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. परळला उपचार घेणारी कितीतरी कुटुंबं तिथे राहतात.

गिरगावकर (बुधवार, रात्री १०:१०)

हे फार चांगलं लिहिलंत. विनू, कुठे आहात? काय ठरलं?

लालबागचा_विनू (शुक्रवार, रात्री १०:४०)

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला. बुधवारी ताईची तारीख होती, दिवसभर तिथेच होतो.

तुमचे प्रतिसाद भाच्याला बसवून वाचून दाखवले. त्याने ते पान पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये'. आणि वरच्या ओळीत 'इम्युनोथेरपी'च्या पुढे 'रिसर्च' हा शब्द होता. दोघांनीही तो वाचलाच नव्हता. भाचा बराच वेळ गप्प बसला. मी त्याला रागावलो नाही. आई आहे त्याची.

डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी चिडचिड न करता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असं काही दाखवायचं असेल तर आधी माझ्याकडे आणा, कितीही वेडं वाटलं तरी. त्या टपरीवरच्या माणसाचं वर्णन त्यांनी लिहून घेतलं. पैसे दिलेले नाहीत.

ताईला सलाईन लागलं तेव्हा मी पेशीवेडींचं वाचून दाखवलं, प्लेट, खळगे, निकेलचे मणी, सगळं. ती बाटलीकडे बघत राहिली. म्हणाली, हे माझ्यापर्यंत येईपर्यंत किती हातांतून गेलंय रे. अजून ५ डोस आहेत.

भाचा बारावीला आहे. त्याने विचारलंय, उन्हाळ्यात शिकायला येतात ते विद्यार्थी कितवीचे असतात?

पेशीवेडी (शुक्रवार, रात्री ११:०५)

एमएससीचे असतात, त्याला वेळ आहे. पण परीक्षा झाली की एका शनिवारी त्याला घेऊन या. गेटवर नाव देऊन ठेवते. जेलवरचा निळा पट्टा त्याला माझ्या हातांनी दाखवेन. हर-टूचाच दाखवेन.